‘चार्ज’ दिसला की थांबा: नव्या अनुवादकांसाठी पायरीपायरीने

पुण्यात इंग्रजी-मराठी अनुवादाचं काम सुरू केलं की सुरुवातीला साधारण हेच कागद हातात पडतात: बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, शिवाजीनगर कोर्टातला एखादा आदेश, चाकण-भोसरीकडच्या कारखान्याची नोटीस, हॉस्पिटलचं बिल, कुणाच्या तरी बदलीचा हुकूम. या सगळ्यांत ‘चार्ज’ हा शब्द कुठे ना कुठे असतोच, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो.

‘हायपोथिकेशन’सारखा अनोळखी शब्द दिसला की आपण मुकाट्याने कोश उघडतो. ‘चार्ज’साठी कुणी उघडत नाही, कारण तो शब्द आपल्याला येतो. तिथेच अनुवाद बिघडतो. शिवाय यंत्राकडून कच्चा मसुदा काढून घ्यायची सवय असेल तर ‘शुल्क’ हा एकच शब्द सगळीकडे पसरलेला दिसेल. आरोपीवर शुल्क, जमिनीवर शुल्क, बॅटरीतही शुल्क!

पुढच्या पायऱ्या कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्यांसाठी आहेत. कथा-कादंबरीवाल्यांना शेवटचा थोडा भाग उपयोगी पडेल.

१. आधी हे कागद गोळा करा

कोश लागतातच, पण त्याआधी मराठीतून मुळात लिहिलेले, कुणी अनुवाद न केलेले कागद हवेत. खात्याखात्यांत शब्द केव्हाच ठरून गेलेले आहेत. आपण नवा घडवायचा नसतो, ठरलेला शोधायचा असतो.

- महावितरणचं मराठी बिल. घरातलंच चालेल.
- ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, असलेला एक सातबारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमी या शासकीय संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.
- शहरातल्या एखाद्या जागेची मिळकत पत्रिका.
- मराठीतलं दोषारोपपत्र, नावं-पत्ते खोडलेलं. ओळखीच्या वकिलांकडे मागा. नावं त्यांच्यासमोरच खोडा, म्हणजे पुढच्या वेळीही देतील.
- अतिरिक्त कार्यभार सोपवल्याचा एखादा शासकीय आदेश. शासनाच्या संकेतस्थळावर असे ढिगाने सापडतात.
- भाषा संचालनालयाचे ‘शासन व्यवहार कोश’ आणि ‘न्याय व्यवहार कोश’. ऑनलाइन शोधता येतात. छापील प्रत हवी असेल तर जीपीओजवळच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.
- मोल्सवर्थ. हा मराठी-इंग्रजी कोश असल्यामुळे उलट्या तपासणीला कामाला येतो.

२. वाक्य वाचण्याआधी कागद कुणाचा ते पाहा

लेटरहेड, शिक्का, सही कुणाची, विषय काय, एवढं पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. खाली बँकेचा शिक्का असेल तर ‘चार्ज’चे दोनच अर्थ संभवतात: बँक आपल्याकडून घेते ते शुल्क, किंवा बँकेने तारणावर चढवलेला बोजा. कोर्टाचा असेल तर दोषारोप. नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या आस्थापना शाखेचा असेल तर कार्यभार.

मात्र एकाच कागदात दोन अर्थ येऊ शकतात, आणि कर्जमंजुरीच्या पत्रात तर ते हमखास येतात. वरच्या परिच्छेदात ‘प्रोसेसिंग चार्जेस’ आणि खालच्या परिच्छेदात ‘चार्ज ऑन द प्रॉपर्टी’. म्हणून संगणकावर ‘सगळीकडे बदला’ हे बटण या शब्दापुरतं बंद समजा.

३. मागचा-पुढचा शब्द पाहा

इंग्रजीत या शब्दाला चिकटलेलं छोटं अव्यय बरंच काही सांगून जातं.

‘चार्ज फॉर’ म्हणजे पैसे: कशाबद्दल तरी आकारलेले. ‘चार्ज ऑन’ म्हणजे बहुधा बोजा: कशावर तरी चढलेला. ‘चार्ज अगेन्स्ट’ म्हणजे कुणाविरुद्ध तरी ठेवलेला दोषारोप. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो.

इथे एक जुना खड्डा आहे. ‘ही इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ यात मूल त्याच्या देखरेखीखाली आहे. त्यात एक ‘द’ वाढवून ‘इन द चार्ज ऑफ’ केलं की अर्थ उलटतो: आता तोच दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या ताब्याच्या कागदांत हे तीन अक्षरांचं उपपद नजरेतून सुटलं तर मूल कुणाकडे आहे तेच बदलतं.

त्याच कागदांत ‘हर चार्जेस’ असंही येईल, म्हणजे तिने सांभाळलेली मुलं. यंत्राला विचारलंत तर ‘तिचे शुल्क बागेत खेळत होते’ असं काहीतरी मिळण्याची तयारी ठेवा.

‘चार्ज्ड विथ’ फसवं आहे. माणूस असेल तर दोषारोप, ढग असेल तर वीज, अधिकारी असेल तर सोपवलेलं काम. इथे कर्ता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. एवढा एक प्रश्न विचारा: कुणावर काय लादलं?

हा शब्द लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दावरून आला. त्यावरून क्रियापद झालं ते गाडीत माल भरण्याचं, लादण्याचं. ‘कार’ आणि ‘कार्गो’ याच घरातले. तेव्हा सगळ्या अर्थांच्या तळाशी ओझं आहे: गिऱ्हाइकावर पैशाचं, जमिनीवर कर्जाचं, आरोपीवर आरोपाचं, अधिकाऱ्यावर कामाचं, धातूच्या गोळ्यावर विजेचं.

आपल्याकडेही नेमका हाच प्रवास झालाय. कार्यभार, पदभार, प्रभारी, विद्युतभार, भारित खर्च आणि जमिनीवरचा बोजा. त्यामुळे अडलात तर ‘इथे ओझं कुणावर पडलं?’ असं विचारा. उत्तरात माणूस आला की त्याच्यावर काय पडलं ते बघा: पैसे, काम की आरोप. उत्तरात वस्तू आली तर बोजा, वीज किंवा भरलेला माल.

५. पैशांचा ‘चार्ज’: आकार की शुल्क?

दोन्ही बरोबर, पण कुठे कोणतं ते ठरलेलं आहे. महावितरणच्या बिलात बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. आणि त्यांच्या खाली ‘वीज शुल्क’. हे वीज शुल्क म्हणजे इंग्रजीतली ‘इलेक्ट्रिसिटी ड्युटी’, सरकारकडे जाणारा कर. तुम्ही वरच्या सगळ्या ‘चार्जेस’ना शुल्क म्हणून टाकलंत तर खालच्या ड्युटीला शब्दच उरत नाही, आणि ग्राहक मंचाकडे जाणाऱ्या तक्रारीत कुठली रक्कम वादात आहे हेच कळेनासं होतं.

सोसायटीच्या बिलात ‘सर्व्हिस चार्जेस’ला सेवा शुल्क म्हणतात. ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ला मात्र सभासद त्याच नावाने ओळखतात. फ्लॅट भाड्याने दिला की लागणारी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येणारी ती रक्कम. मी अनुवादात नाव देवनागरीत तसंच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ देते. शुद्ध मराठीच्या हट्टापायी वाचणाऱ्याला बिल हातात घेऊन कोश उघडायला लावण्यात अर्थ नाही.

बँकेच्या आणि हॉस्पिटलच्या बिलांत ‘शुल्क’ चालतं. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य किंवा मोफत. ‘शुल्कमुक्त’ नको, ते जकातीकडे झुकतं.

आता उलटा सापळा. सातबाऱ्यावरही ‘आकार’ असतो. त्याचा महावितरणच्या आकाराशी संबंध नाही. तो जमीन महसुलाच्या आकारणीचा आकडा, इंग्रजीत ‘असेसमेंट’. मराठीतून इंग्रजीत जाताना तिथे ‘चार्ज’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की जमिनीवर कर्ज आहे.

६. जमिनीवरचा ‘चार्ज’: इथे सावकाश चला

चुकीची किंमत सगळ्यात जास्त इथे मोजावी लागते, म्हणून हा भाग लांबतोय.

गावाकडच्या जमिनीवर ‘चार्ज’ म्हणजे बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा संस्थेचं नाव, रक्कम आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो. गावच्या सहकारी विकास सोसायटीचं पीककर्ज असेल तर बऱ्याचदा ‘इकरार’ असा शब्द दिसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली कर्जदार सभासद जे घोषणापत्र लिहून देतो, त्यावरून हा बोजा चढतो. इंग्रजी करताना ‘इकरार’चं नुसतं ‘अ‍ॅग्रीमेंट’ करू नका. घोषणापत्राने निर्माण झालेला बोजा आहे, हे आलं पाहिजे.

शहरात मिळकत पत्रिकेवर मात्र ‘इतर भार’ असा रकाना असतो. तोच प्रकार, शब्द वेगळा. म्हणजे मुळशीतल्या शेताच्या कागदावर बोजा आणि शहरातल्या जागेच्या कागदावर भार. ज्या कागदाचा संदर्भ असेल त्याचा शब्द घ्या. दोन्ही जागा एकाच दस्तात असतील तर दोन्ही शब्द येऊ द्या.

क्रियापदंही ठरलेली आहेत. बोजा चढवतात किंवा नोंदवतात, आणि कर्ज फिटलं की तो उतरवतात किंवा कमी करतात. ‘बोजा हटवणे’ हे हिंदीचं सावट आहे, तलाठ्याच्या दप्तरात ते सापडणार नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात विचाराल तर तलाठीच.)

आता गहाण आणि बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये ‘मॉर्गेज’ कलम ५८ मध्ये आहे आणि ‘चार्ज’ कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे, हस्तांतरित होतो. बोज्यात तसा होत नाही, फक्त त्या मालमत्तेतून रक्कम वसूल करण्याचा हक्क मिळतो. कलम १०० सरळ म्हणतं की जे गहाण ठरत नाही तेच ‘चार्ज’. तेव्हा दस्तात दोन्ही शब्द असतील तर अनुवादातही दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

इतकं पक्कं बसलं की कंपनीचे कागद येतात आणि घोटाळा करतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या व्याख्येत ‘चार्ज’मध्ये गहाणही धरलंय! त्यामुळे ज्या कायद्याखालचा कागद, त्याची व्याख्या. कंपन्यांच्या मराठी मजकुरात ‘प्रभार’ हा शब्द भेटतो. तो चालतो, पण वाचणारा सामान्य भागधारक असेल तर मी बोजाच लिहिते.

याच कागदांत दोन जोडशब्द दबा धरून बसलेले असतात. पहिला ‘फिक्स्ड चार्ज’. लाइटबिलात तो स्थिर आकार. कंपनीच्या कर्जात तो ठरावीक मालमत्तेवरचा बोजा, म्हणजे अमुक जमीन, अमुक यंत्र. त्याचा जोडीदार ‘फ्लोटिंग चार्ज’, गोदामातल्या रोज बदलणाऱ्या मालावरचा. तिथे ‘तरंगता’ लिहू नका, ‘बदलत्या मालावरील बोजा’ म्हटलं की कळतं. दुसरा जोडशब्द ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’. इथे कुणाचंही समाधान झालेलं नाही. कर्ज फिटलं आणि बोजा उतरला, एवढाच अर्थ.

७. कोर्टातला ‘चार्ज’: आरोप, आरोपपत्र आणि दोषारोप

वर्तमानपत्रात ‘आरोपपत्र’ वाचून आपल्याला तोच शब्द बरोबर वाटतो. कायद्याच्या मराठीत ‘चार्ज’साठी ‘दोषारोप’ आहे आणि ‘चार्जशीट’साठी ‘दोषारोपपत्र’. बातमीचा अनुवाद असेल तर आरोपपत्र चालेल. कोर्टात दाखल होणारा कागद असेल तर दोषारोपपत्र.

शब्दापेक्षा टप्पा महत्त्वाचा. आधी गुन्हा दाखल होतो, म्हणजे प्रथम खबर (एफआयआर). मग तपास, मग पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, आणि त्यानंतर कोर्ट दोषारोप निश्चित करतं. ‘चार्ज फ्रेम केला’ हे कोर्टाचं काम, ‘चार्जशीट फाइल केली’ हे पोलिसांचं. दोन्हीला ‘आरोप ठेवला’ असं मोघम लिहिलं की कुणी ठेवला आणि खटला कुठवर आला, हे दोन्ही पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, हे मराठी शब्द बदलले नाहीत. क्रमांक मात्र मुळात जो आहे तोच ठेवा, स्वतःहून ‘सुधारू’ नका.

परदेशी व्हिसाच्या अर्जात ‘हॅव यू एव्हर बीन चार्ज्ड’ असा प्रश्न असतो, आणि परदेशी शिकायला निघालेली मुलं तो अर्ज घेऊन आपल्याकडे येतात. तिथली पोलीस पद्धत वेगळी, टप्पे वेगळे. प्रश्नाचा अनुवाद करून द्या. ‘माझ्यावर नुसता गुन्हा दाखल होता, मग हो लिहू की नाही?’ याचं उत्तर देऊ नका. ते वकिलाचं काम आहे.

सरकारी नोकरांच्या विभागीय चौकशीतही दोषारोपपत्रच असतं आणि त्याला जोडपत्रं असतात. तिथे शिक्षा तुरुंगाची नसून नोकरीची असते. म्हणून अनुवादात ‘आरोपी’ न येता ‘अपचारी कर्मचारी’ येतो, म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे तो. हा शब्द नव्या माणसाला विचित्र वाटतो, पण चौकशीच्या कागदांत तोच रुळलेला आहे.

‘लाठीचार्ज’साठी लाठीमार. जमावाने पोलिसांवर ‘चार्ज’ केला असेल तर जमाव चालून गेला. याहून जास्त विचार इथे लागत नाही.

८. कचेरीतला ‘चार्ज’

बोलताना सगळेच ‘चार्ज घेतला’, ‘चार्ज दिला’ म्हणतात. लिहिताना कार्यभार स्वीकारला, कार्यभार सोपवला. ‘अ‍ॅडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार, ‘इन-चार्ज’ म्हणजे प्रभारी. पदभार आणि कार्यभार यांत फार काथ्याकूट नको. मंत्री किंवा अध्यक्ष असेल तर पदभार शोभतो, एवढं पुरे.

एक शब्द मात्र लक्षात ठेवा. अर्थसंकल्पाच्या कागदांत ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ म्हणजे भारित खर्च, एकत्रित निधीवर टाकलेला, ज्यावर विधानसभेत मतदान होत नाही. ज्यावर होतं तो दत्तमत खर्च. हे शब्द ऐकून माहीत नसतील तर अंदाजाने सापडणार नाहीत.

९. विजेचा, गॅसचा, भट्टीचा

शाळेच्या पुस्तकात विद्युतप्रभार, जुन्या लेखनात विद्युतभार. विद्यार्थ्यांसाठी लिहीत असाल तर पाठ्यपुस्तकातला घ्या. मोबाइल चार्ज करतात, तिथे मराठी शोधू नका. एसीत गॅस भरतात. भोसरीच्या फाउंड्रीत भट्टीत ‘चार्ज’ टाकतात, म्हणजे वितळवायचा माल. तिथल्या कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना लिहायच्या असतील तर ‘चार्ज’च ठेवा. हात भाजण्याआधी त्यांना कळायला हवं.

१०. त्याचा भाऊ ‘डिस्चार्ज’ही तपासा

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात तो विसर्ग, क्युसेकमध्ये मोजलेला. दवाखान्यातून पेशंटला घरी सोडतात. जखमेतून येतो तो स्राव. खटला उभा राहण्याआधीच कोर्टाने आरोपीला सोडलं तर दोषमुक्ती. खटला चालून सुटला तर ती निर्दोष मुक्तता, पण तिथे इंग्रजीत ‘अ‍ॅक्विटल’ असतं. या दोन सुटकांची गल्लत केली तर प्रतिपक्षाचा वकील पहिल्या तारखेलाच ती दाखवून देईल, आणि पुण्यात चुका दाखवून देण्याचा कुणी चार्ज घेत नाही.

११. देण्याआधी उलटी तपासणी

मूळ इंग्रजी झाका आणि फक्त मराठी वाचा. प्रत्येक शुल्क, आकार, बोजा, भार, दोषारोप, कार्यभार पेन्सिलीने गोल करा. मग इंग्रजीतले ‘चार्ज’ मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी गळलाय, किंवा तुम्ही चांगल्या मराठीसाठी वाक्य फिरवलंय. दुसरं असेल तर समासात तशी नोंद करा, म्हणजे विचारलं तर सांगता येईल.

मग शब्दवहीत टाका: शब्द, कागदाचा प्रकार, वापरलेला मराठी शब्द आणि तो कुठून घेतला. चौथा रकाना लोक आळसाने रिकामा सोडतात. पुढे एखाद्या बँकेच्या कायदा विभागातून फोन येतो आणि ‘बोजा हा शब्द तुम्ही कुठून आणलात?’ असं विचारतात, तेव्हा ‘सातबारा, इतर अधिकार’ असं सांगितलं की फोन लगेच संपतो.

शंका उरलीच तर ग्राहकाला ‘चार्जचा अर्थ काय?’ असं विचारू नका, त्यालाही माहीत नसतो. ‘या कर्जासाठी तुम्ही जमीन लिहून दिली होती का?’, ‘ही रक्कम तुम्ही भरायची आहे का?’ असं विचारा. हो-नाहीत उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा त्याच्या पिशवीतून एक जुना फेरफार बाहेर येतो, ज्याच्यावर शब्द आधीच लिहिलेला असतो.